पदक नाही, म्हणजे लढाई झालीच नाही!

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपण आजवर चेष्टेने वापरत आलो. तो चक्क कायदा आहे, हे सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, 2007 वाचल्यावर कळते. माजी सैनिकाने नोंदीतल्या चुकीबद्दल वरिष्ठांकडे अर्ज करावा. सहा महिने कोणी काही बोलले नाही, तर तिथला मार्ग संपला असे समजावे आणि पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाची पायरी चढावी. म्हणजे गप्प बसायलाही सरकारला सहा महिने आणि त्या गप्प बसण्याविरुद्ध बोलायला सैनिकालाही सहाच महिने. समतेचे याहून सुंदर उदाहरण घटनाकारांनाही सुचले नसते! शिवाय न्यायाधिकरणाचे आपल्याकडचे खंडपीठ मुंबईत, नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर. ज्याने उमेदीत बर्फातून ठाणी गाठली, त्याला म्हातारपणी एवढा प्रवास जड जाऊ नये, असाच कायदा करणाऱ्यांचा विश्वास असणार.

प्रकरण तसे किरकोळ असते. 1971 च्या युद्धात पूर्वेकडे असलेल्यांना 'पूर्वी स्टार', पश्चिमेकडे असलेल्यांना 'पश्चिमी स्टार', आणि लढताना जखमी झालेल्यांना 'पराक्रम पदक' मिळते. परमवीर, महावीर वगैरे शौर्यपुरस्कारांची ही गोष्ट नव्हे. पहिली दोन पदके 'मी तिथे होतो' एवढेच सांगतात आणि तिसरे 'मला तिथे लागले' एवढेच. मात्र सैनिक तिथे होता की नाही हे सैनिकाला विचारून ठरत नाही, ते 'पार्ट टू ऑर्डर' ठरवते. लग्न, मूल, बदली, जखम, पदक, जवानाच्या आयुष्यातले जे जे काही पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून आले ते घडले. जे छापायचे राहिले ते घडलेच नाही. पलटण गोळीबारात असताना कारकुनाच्या हातून एक ओळ सुटली, की माणूस युद्धातून गाळला जातो. शत्रूला जे जमले नाही, ते एका गाळलेल्या ओळीला जमते.

नागपूरकरांना हे परके वाटू नये. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आणि अभिलेख कार्यालय आपल्या कामठीत, वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीचे मुख्यालय वायुसेनानगरात, आणि सीताबर्डीच्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेची 118 वी ग्रेनेडियर्स बटालियन. हा किल्ला सामान्यांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असा वर्षातून तीनच दिवस उघडतो. माजी सैनिकाबद्दलची आपली कृतज्ञताही साधारण याच वेळापत्रकाने चालते. कस्तुरचंद पार्कवर झेंडा फडकतो, छातीवरच्या पट्ट्या पाहून ऊर भरून येतो. ज्याच्या पट्टीत एक जागा रिकामी आहे, त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन यावे. सोबत पुरावा आणावा.

माझे म्हणणे एवढेच, की हा पुरावा मागण्यातच सगळी गोम आहे. नोंद सैनिकाने केली नाही, त्याला करू दिली नाही आणि ती वहीही कधी त्याच्या ताब्यात नव्हती. लेखणी, शिक्का आणि कपाटाची किल्ली, तिन्ही सरकारकडे. तरी वही गप्प बसली, की त्या मौनाचा अर्थ मात्र सैनिकाविरुद्ध लावायचा! सेना नियमावलीनुसार निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांची सेवा-कागदपत्रे 25 वर्षांनी नष्ट केली जातात. मग अर्ज आला, की उत्तर तयार असते: मुदत संपल्यामुळे कागद नष्ट केले आहेत, सबब दावा सिद्ध होत नाही. स्वयंपाकघराला आपणच कुलूप लावायचे आणि वर पाहुण्याला विचारायचे, जेवलात याचा पुरावा काय?

वही चुकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी कारगिल आठवावे. 18 ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव यांचे परमवीरचक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. ते तर रुग्णालयात जखमा भरून येण्याची वाट पाहत होते. हुतात्मा झाला होता तो त्याच नावाचा दुसरा जवान. देशाच्या सर्वोच्च शौर्यपुरस्काराच्या यादीत जिवंत माणूस मृत ठरू शकतो, तर एका शिपायाच्या पूर्वी स्टारची ओळ गाळली जाणे अशक्य का? बरे, चूक नेहमी कारकुनाचीच असते असेही नाही. त्याच युद्धात बटालिकमध्ये ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने 2010 मध्ये वरिष्ठांचा पक्षपात मान्य केला आणि युद्धवृत्तान्त दुरुस्त करायला सांगितले. ब्रिगेडियरला आपली लढाई कागदावर परत मिळवायला अकरा वर्षे लागली, तर हवालदाराने किती धरावीत? त्याच वर्षी आणखी एक बातमी आली, की पूर्व कमानीकडची 1971 च्या युद्धाची महत्त्वाची कागदपत्रे युद्धानंतर लगेचच नष्ट करण्यात आली होती. जे युद्ध आपण तेरा दिवसांत जिंकले, त्याचे कागद सांभाळणे तेवढे जमले नाही.

सन्मान उशिरा पोचण्याचा आपला विक्रम तर महाराष्ट्राच्याच नावावर आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ईएमई या तांत्रिक शाखेचे जवान. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारे ठरले. त्यांनी 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री 2018 मध्ये आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी मिळाला. जर्मनीतल्या घड्याळाने त्यांची कामगिरी 37.33 सेकंदांत नोंदवली. आपल्या घड्याळाला बावन्न वर्षे लागली. त्यांची नोंद हरवली नव्हती, जगाला ठाऊक होती, तरी ही गत. मग ज्याची नोंदच गहाळ आहे त्याचे काय होणार?

आता आक्षेप. पहिला असा, की दार सैल केले तर तोतये घुसतील. भीती रास्त आहे. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईला कसा घोर लावला होता, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण तोतया पकडायचा तो पडताळणी करून. दार बंद ठेवून तोतया सापडत नाही, फक्त खरा माणूस बाहेर राहतो. आणि पडताळणीची साधने आहेत: पलटण कुठे होती हे ठाऊक असते, पगाराची खाती असतात, वैद्यकीय मंडळाचा कागद असतो, सोबत्यांची शपथपत्रे असतात. अमेरिकेत 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकी फायली जळाल्या. त्यांनी 'सबब दावा सिद्ध होत नाही' असे म्हटले नाही. पगाराचे तक्ते आणि इतर कागद जुळवून नोंदी पुन्हा उभ्या करण्याचे काम सुरू केले. आपल्याकडे आग लागावी लागत नाही, नियम पुरेसा होतो.

दुसरा आक्षेप, एका धातूच्या तुकड्यासाठी एवढा आटापिटा कशाला? मान्य, या सेवा-पदकांमागे भत्ता नाही, जमीन नाही, तिजोरीला तोशीस नाही. मग देताना हात का आखडतो? द्यायचे फक्त 'आमची चूक झाली' हे तीन शब्द असतात, आणि ते आपल्या कचेऱ्यांत सोन्याहून महाग आहेत. तिसरा आक्षेप शिस्तीचा: जुनी प्रकरणे उकरली तर अंत राहणार नाही. पण हेच सरकार निवृत्त सैनिकाकडून दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरात, तो जिवंत असल्याचा दाखला घेते. त्या व्यवस्थेचे नाव 'स्पर्श' ठेवण्याइतके सरकार हळवे आहे. सैनिकाने जिवंतपणा दरवर्षी नव्याने सिद्ध करायचा आणि सरकारची चूक मात्र एकदा झाली की अजरामर!

उपाय शोधायला समिती नको. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात अपंगत्व-निवृत्तिवेतनाबद्दल तो सांगून ठेवला आहे: सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही आणि रास्त शंकेचा फायदा त्यालाच. हेच तत्त्व पदकाच्या नोंदीला लावावे. ज्याच्या हाती लेखणी होती, त्यानेच कोऱ्या ओळीचा जाब द्यावा. पलटण त्या आघाडीवर होती आणि शिपाई त्या पलटणीत होता, एवढे दिसले की 'तो तिथे नव्हता' हे कार्यालयाने सिद्ध करावे, नाहीतर पदक द्यावे. आणि सहा महिने उत्तर आले नाही, तर मौन नकार नव्हे, होकार समजावे. म्हण तीच राहील. फक्त थांबण्याची पाळी या वेळी कचेरीची असेल.