बॅटमोबाईलताईंस अनावृत पत्र

ति. स्व. बॅटमोबाईलताई यांस,
मु. पो. गॉथम.

पुण्याहून वॅगन-आरचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्र अनावृत लिहिते आहे, कारण आपल्या जातीला पाकिटातली पत्रं येत नाहीत. येतात ती वायपरखाली खोचलेली, आणि त्यात क्वचितच चांगली बातमी असते.

पत्रास कारण की, आमच्या मालकांनी माझ्या अंगावर तुमच्या धन्यांचं चित्र गोंदवून घ्यायचं ठरवलं आहे. भक्तीपोटी, असं ते सोसायटीत सांगतात. खरं कारण माझ्या डाव्या मागच्या दारावर आहे. मी सेकंडहँड आले तेव्हाच तिथं आधीच्या घरचा एक लांब ओरखडा होता. तो रंगवायचा तर गॅरेजवाला अख्ख्या दाराचे पैसे मागतो. त्यापेक्षा स्टिकर स्वस्त. ओरखडा जेवढा लांब तेवढी श्रद्धा मोठी, हा नियम रिक्षांनाही लागू आहे आणि ट्रकांनाही.

तर आम्ही नाना पेठेत रेडियमवाल्याकडे गेलो. तिथं मालकांच्या कन्येनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. बॅटमॅन मुंबईच्या लोकलच्या दारात एका हातानं लटकलेला, केप वाऱ्यावर, मागे दादरचा पूल. कुणा आपल्याच मुलीनं काढलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात तिची देवनागरीत बारीक सही. ताई, तुमचे धनी आजवर इतक्या मोठमोठ्या स्टुडिओंनी रंगवले, पण इतके दमलेले आणि इतके घरी निघालेले मी कुठंच पाहिले नव्हते.

इथं आमच्या सोसायटीतले वकीलसाहेब कथेत येतात. ते रोज संध्याकाळी माझ्या बॉनेटला टेकून बोलतात, त्यामुळे कायदा मला थेट पत्र्यातून कळतो. मालकांचा बेत ऐकून ते म्हणाले, "सांभाळून हो. बॅटमॅनच काय, त्याच्या गाडीवरसुद्धा खटला झालाय." आणि मग तुमची सगळी कुंडली बाहेर आली.

१९४१ साली तुम्ही कॉमिकच्या पानावर अवतरलात. १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी जॉर्ज बॅरिस यांनी तुम्हाला देह दिला, तोही फोर्ड कंपनीच्या १९५५ च्या लिंकन फ्युच्युरा नावाच्या गाडीवरून. म्हणजे मुळात तुम्हीही कुणाच्या तरी पत्र्यावर चढवलेला साजच. वाईट वाटून घेऊ नका. त्याच देहाला २०१३ च्या लिलावात ४२ लाख डॉलरची बोली लागली, आमच्यात तर भंगाराचा भाव विचारतात.

पुढे कॅलिफोर्नियातल्या 'गॉथम गराज'चे मार्क टॉल तुमच्यासारख्या हुबेहूब गाड्या बनवून सुमारे ९० हजार डॉलरला एक अशा विकू लागले. डीसी कॉमिक्सनं दावा लावला. टॉल म्हणाले, गाडी ही वापरायची वस्तू, तिला कसला आलाय कॉपीराइट? २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ठरवलं की तुम्ही गाडी नाहीच, तुम्ही पात्र आहात! कसोट्या तीन: रूपाबरोबर स्वभावही हवा, दरवेळी तीच म्हणून ओळखू यावी, आणि चारचौघींत उठून दिसावी. तुम्ही तिन्हींत उत्तीर्ण. निकालपत्रात न्यायाधीशबाईंनी खासगी मालमत्तेच्या रक्षणाबद्दलचं साक्षात बॅटमॅनचंच वाक्य उद्धृत केलं. आपल्याकडे एवढा मान ज्ञानेश्वरांना मिळतो.

तुमची ती चुलतबहीण एलिनॉर मात्र नापास झाली हो. चार चित्रपटांत काम करूनही. 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मधली मस्टँग, १९७४ साली पिवळी, २००० साली करडी. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं तुमच्याच कसोट्या लावून सांगितलं की ही पात्र नव्हे, सामान आहे. दरवेळी रंगरूप बदललं की असं होतं. मी कसोटीला बसलेच नाही. माझा स्वभाव म्हणजे चढावर एसी बंद पडणं, पण तो पुण्यातल्या निम्म्या गाड्यांचा आहे.

मालक घाबरले. डीसीची नोटीस येणार, घर विकावं लागणार, असं त्यांना दिसू लागलं. वकीलसाहेबांनी त्यांना सोडवलं, पण पूर्ण नाही (वकील पूर्ण सोडवत नाहीत). आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला सूट आहे. घरात भिंतीवर चित्र लावलंत तर कोण विचारतो? पण गाडी घरात नसते. ती चौकात उभी असते, आणि लोकांना पाहता येईल असं कलाकृतीचं प्रदर्शन करणं हा कायद्यानं मालकाचा हक्क आहे. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता आपण किती वेळ प्रदर्शनात असतो, याचा हिशेब अजून कुठल्या कोर्टानं मागितलेला नाही, एवढंच आमचं नशीब.

"आपण जसंच्या तसं घेत नाहीच, हे तर कुणीतरी स्वतः काढलेलं आहे," मालक म्हणाले. वकीलसाहेब हसले. मूळ पात्रावर बेतून नवीन चित्र काढण्याचा हक्कही मूळ मालकाचाच. बॅटमॅनला लोकलमध्ये लटकवलं म्हणून तो सेंट्रल रेल्वेचा होत नाही.

ट्रेडमार्कचं मात्र सोपं निघालं. १९९९ च्या कायद्यात अतिक्रमण ठरायला वापर व्यापाराच्या ओघात व्हावा लागतो. माझी नंबरप्लेट पांढरी, मी भाडं मारत नाही, तुमच्या वटवाघळाच्या खुणेखाली काही विकत नाही. उद्या पिवळी प्लेट लावून 'बॅटमॅन टूर्स, अष्टविनायक दर्शन' असं रंगवलं तर गोष्ट वेगळी. मग तुमच्या धन्यांनी ओझर-लेण्याद्रीचं पॅकेज काढलं आहे असा कुणाचाही समज होईल.

बिल्ल्यांबद्दल बोलतच नाही. आमच्या पार्किंगमध्ये एका अल्टोनं पुढच्या जाळीवर जर्मन कंपनीची चार कडी लावली आहेत. फसतं कुणीच नाही. सिक्युरिटीसुद्धा नाही.

रिक्षाताईंची चिंता मला जास्त वाटते. त्यांच्या हुडावर रजनीकांत असतो. मूळचा आपला शिवाजीराव गायकवाड, पण २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्याचं नाव, चेहरा आणि ढंग परस्पर वापरायला मनाई केली, तीही एका सिनेमाला. २०२३ मध्ये अनिल कपूरना दिल्ली उच्च न्यायालयातून असंच संरक्षण मिळालं, त्यात त्यांचं 'झकास'ही आलं. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफ 'भिडू' घेऊन तिथंच गेले. हे सगळं रोखतं ते धंद्यासाठीच्या वापराला, हुडावरच्या प्रेमाला नव्हे. तरी मीटर टाकणारी रिक्षा म्हणजे धंदाच ना? परवा शेजारची एक मला विचारत होती. मी तिला तुमच्याकडे पाठवीन म्हटलं.

आता मुख्य तक्रार. ही डीसीविरुद्ध नाही, त्यांचे वकील त्यांचं बघून घेतील. कायद्यानंच पाहायचं तर सगळ्या साखळीत पक्का अडकलेला माणूस एकच आहे, रेडियमवाला. पैसे तो घेतो, कॉपी तो काढतो. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. कलम ६४ खाली पोलीस माल उचलून नेऊ शकतात. पण रेडियमवाला निवांत आहे. त्याच्या भिंतीवर मिकी, छोटा भीम, नागराज आणि आईचा आशीर्वाद एकाच ओळीत टांगलेत. "साहेब, पंचवीस वर्षं लावतोय, अजून एकही मिकी तक्रार घेऊन आलेला नाही."

आला असता, ताई. १९८९ साली फ्लोरिडात हॅलंडेलच्या तीन पाळणाघरांच्या भिंतीवर मिकी आणि मंडळी रंगवली होती म्हणून डिस्नेनं ती पुसायला लावली होती. पोरांच्या भिंतीसुद्धा सोडल्या नाहीत. आमच्याकडे ते आले नाहीत एवढंच. त्यामुळे झालंय असं की मोठ्यांची भीती आमच्या मालकांसारख्यांना आहे, आणि नुकसान भलत्याच माणसाचं होतं.

तो भगव्या-काळ्या रंगातला हनुमान तुम्ही पाहिला असेल. नसेल तर भारतात या, कुठल्याही सिग्नलला उभ्या राहा, पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर सापडेल. तो चेहरा कासरगोडजवळच्या कुंबळे गावच्या करण आचार्य नावाच्या ग्राफिक डिझायनरनं २०१५ साली गावातल्या पोरांच्या गणेशोत्सवाच्या झेंड्यासाठी काढला. २०१८ मध्ये मंगळुरूच्या सभेत पंतप्रधानांनी त्याचं कौतुक केलं. म्हणजे चित्र कुणाचं हे देशाला जाहीर कळलेलं आहे. कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही, चित्र काढलं की हक्क लागू. तरी ते चित्र प्लॉटरवर कापताना त्याला फोन करून विचारलेला रेडियमवाला मला भेटायचा आहे. आणि तसं विचारणारा मालकही.

उलट जपानात बघा. सपोरोच्या क्रिप्टन कंपनीनं २००७ मध्ये हात्सुने मिकू आणली आणि तिच्या चाहत्यांना बिनधंद्याच्या वापराची परवानगी नियम छापून आधीच देऊन टाकली. तिकडे अशा चित्रांनी नखशिखांत मढवलेल्या गाड्यांना इताशा म्हणतात. २००८ पासून मिकूची एक गाडी तर सुपर जीटीच्या शर्यतीत धावते, आणि २०११, २०१४ व २०१७ मध्ये तिनं जीटी ३०० गटाचं विजेतेपद घेतलं. चित्र अंगावर असून पहिली येते, नोटीस न येता. तुमच्या धन्यांनी असं काही छापलं असतं तर आमच्या मालकांची झोप वाचली असती.

तर वकीलसाहेबांचं ऐकून पुन्हा नाना पेठेत गेलो, त्या दिवशी काय झालं ते सांगते. चित्र संगणकात घेऊन दाराच्या मापाला बसवताना खालचा उजवा कोपरा नेमका हँडलवर येऊ लागला. रेडियमवाला म्हणाला, "ते काढतो साहेब, हँडलला येतंय." आणि माऊस एकदा खाली ओढून त्यानं ती सही कापली. मालक मान डोलावत होते. त्याच वेळी ते मला ऐकू येईल अशा आवाजात पुटपुटत होते, "डीसीचं काही येणार नाही ना?"

कलम ५७ म्हणतं की कलाकाराचं नाव हा त्याचा हक्क आहे, चित्र विकून टाकलं तरी उरणारा. लोकलच्या दारातला तो दमलेला माणूस त्या मुलीनं पाहिलेला होता, डीसीनं नव्हे. तिनं डीसीला विचारलं नाही हे खरं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि तिला मात्र सगळ्यांनी कापलं.

आपल्या वकिलांना एवढा निरोप द्यावा: नोटीस पाठवायचीच असेल तर दाराच्या मापाची पाठवा, उरलेला ओरखडा झाकता येईल. आर.सी.वर रंग तोच आहे, काचा मोकळ्या आहेत, पीयूसी आहे. पोलिसानं आजवर याच तीन गोष्टी विचारल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वॅगन-आर (पांढरी प्लेट)

ता. क. - कन्येनं घरी आल्यावर ओरडा केला. दुसऱ्या दिवशी मालक मला घेऊन परत नाना पेठेत आले आणि सही हँडलच्या वर, दिसेल अशी लावायला सांगितली. कन्येनं त्या मुलीला निरोपही पाठवलाय, उत्तर यायचंय. रेडियमवाला म्हणतो, वेगळी पट्टी कापावी लागेल, त्याचे दोनशे वेगळे. मालक शंभर म्हणतात. मी दुकानासमोर डबल पार्किंगमध्ये उभी आहे.