फोरहंड्रेड म्हणायचं नाही

आमच्या कारखान्याच्या आयटी खात्यातले अण्णा एरवी गरीब माणूस. डब्यातली भाजी आळणी निघाली तरी मुकाट्याने खातील. पण त्यांच्यादेखत कुणी 'एएस/४००' म्हटलं, की संपलं. स्टोअर्समधून फोन येतो, "अण्णा, फोरहंड्रेड बसलंय, चलन निघेना." गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. अण्णा शांतपणे विचारतात, "फोरहंड्रेड? आपल्याकडे फोरहंड्रेड आहे कुठं?" स्टोअर्सवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्याला वाटतं, रात्रीत चोरीला गेलं.

अण्णांचं चुकतं असंही नाही. आयबीएमने एएस/४०० हे संगणक-यंत्र जाहीर केलं २१ जून १९८८ ला. जन्म मिनेसोटातल्या रॉचेस्टरचा. तिथंच बारशाची हौस फिटायला हरकत नव्हती. पण २००० साली ते आयसीरीज झालं, २००४ साली आय५, २००६ साली सिस्टिम आय. आपल्याकडे नवरीचं नाव तांदळात लिहून बदलायचे, तेही एकदाच. इथं सासर तेच आणि तांदूळ पुन्हापुन्हा. २००८ साली तर वाटणीच झाली. यंत्राला म्हणायचं पॉवर सिस्टिम्स, आणि आत चालते ती कार्यप्रणाली आयबीएम आय. त्यामुळे एखाद्या नव्या पोराने घोकून येऊन "सर, एसी बंद आहे, आयबीएम आय तापलंय" म्हटलं, तरी त्याची सुटका नाही. "तापतं ते पॉवर. आय तापत नाही."

हा आटापिटा कशासाठी, ते एका बैठकीत कळलं. नवे साहेब म्हणाले, "ते जुनं एएस/४०० एकदाचं काढून टाकू या." अण्णा उभे राहिले. १९९५ मध्ये प्रोसेसर मुळापासून बदलला, ४८ बिटांचा ६४ बिटांचा झाला, तरी जुने प्रोग्रॅम पुन्हा न लिहिता नव्यावर चालले, हे त्यांनी एका दमात सांगितलं. मग म्हणाले, "साहेब, अठ्ठ्याऐंशीच्या नावाने हाक मारलीत, तर अठ्ठ्याऐंशीचंच यंत्र दिसणार." वाक्य खरोखर चांगलं होतं. साहेबही वरमले. "बरं, दाखवा तर खरं," म्हणाले. अण्णांनी प्रोजेक्टर लावला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, चोवीस ओळी, बाहेर पडायला एफ३. माउस कुठंय, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी माझ्या वहीत डोकं घातलं.

यंत्र मात्र वाचलं. काढायला सांगितलेला खर्च ऐकून साहेबांचा उत्साह मावळला, असं अकाउंट्सवाले म्हणतात. अण्णांपुढे म्हणत नाहीत.

आता अण्णा निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेची जाहिरात त्यांनीच लिहिली: 'आयबीएम आयचा अनुभव हवा.' अर्ज आले, पण कुणी लॅपटॉप दुरुस्तीवाला, कुणी आयबीएममध्येच नोकरी केलेला. एचआरच्या मॅडम वैतागल्या. "अण्णा, एका अक्षराचं नाव शोधायचं कसं? 'आय' टाकलं की सगळं जग येतं!" शेवटी दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून अण्णांनी नवा मजकूर सांगितला. दुसऱ्या दिवसापासून हवे तसे अर्ज येऊ लागले.

मुलाखतीला पहिला मुलगा आत आला. काय काम केलंस, असं विचारल्यावर ताठ बसून म्हणाला, "सर, एएस/४००."

"कशावर?" अण्णांनी चष्मा काढला.

मुलगा चाचरला. खिशातून जाहिरातीचा कागद काढून त्याने टेबलावर सरकवला. "सर, तुम्हीच लिहिलंय ना?"