दोन घड्याळांमधला गृहस्थ

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता, बटण दाबताच मधला काळही मोजून देणारे घड्याळ. क्रोनोग्राफशौकीन म्हणजे ते घेण्याआधी वर्षानुवर्षे दुसऱ्या एखाद्या क्रोनोग्राफशी त्याची तुलना करणारा गृहस्थ. पुण्या-ठाण्यात हा प्रकार साधारण चाळिशीत, गृहकर्ज निम्मे फिटल्यावर आढळू लागतो. त्याला घड्याळ नवे हवे असते, पण दिसायला जुने.

तुलनेसाठी तो एक स्वस्त आणि एक महाग घड्याळ धरतो. स्वस्त म्हणजे सीगल 1963. तियानजिनच्या कारखान्याने चिनी हवाई दलासाठी 1961 साली हाती घेतलेल्या घड्याळाची ही नवी आवृत्ती. यंत्र स्विस व्हीनस 175 वर बेतलेले, तबकडी मलईच्या रंगाची, काटे निळे, वर लाल तारा. महाग म्हणजे ओमेगा स्पीडमास्टर. ते 1957 साली मोटारशर्यतींसाठी आले, 1965 साली नासाच्या कसोट्यांना उतरले आणि 1969 साली बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावरून चंद्रावर फिरून आले. पहिले काही हजारांत मिळते, दुसऱ्याला काही लाख लागतात.

पहिला मुद्दा यंत्राचा. कॉलम व्हील, म्हणजे बटणाची आज्ञा आत पोहोचवणारे खांबांचे चाक, हे उंची क्रोनोग्राफचे लक्षण, असे शौकीन चारचौघांत ठासून सांगतो. अडचण अशी की हे चाक सीगलमध्ये आहे. स्पीडमास्टरने ते 1968 च्या सुमारास सोडून त्याच कामासाठी सोपा कॅम, म्हणजे उंचवट्यांची चकती, पत्करला, आणि आजच्या 3861 यंत्रातही कॅमच आहे. हे कळल्यावर शौकिनाला कॅमचा दणकटपणा पटू लागतो. शिवाय 3861 हे 15,000 गॉसच्या चुंबकक्षेत्रालाही दाद देत नाही. शौकिनाच्या घरातले सर्वांत प्रबळ चुंबक फ्रिजच्या दारावर अष्टविनायकाचे चित्र धरून असते.

दुसरा मुद्दा काचेचा. दोन्हींच्या मूळ धाटणीत ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच. त्यावर ओरखडे उठतात आणि टूथपेस्टने घासले की जातात. हजारांच्या घड्याळात हा कमीपणा असतो, लाखांच्या घड्याळात परंपरा.

तिसरा मुद्दा उपयोगाचा, आणि तो लवकर आटोपतो. स्पीडमास्टरच्या कडेवरची टॅकीमीटर पट्टी एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांवरून ताशी वेग सांगते. 30 सेकंद लागले तर 120. ही पट्टी 60 ला संपते. संध्याकाळच्या सिंहगड रस्त्यावर किलोमीटर मिनिटात होत नाही, त्यामुळे तिथे ती मुकी राहते. 1970 साली अपोलो 13 च्या अंतराळवीरांनी इंजिन चालू ठेवायचे 14 सेकंद याच घड्याळावर मोजले, हे शौकीन स्वयंपाकघरात सांगतो. तिथला कुकर मात्र शिट्ट्यांवर चालतो.

याच ठिकाणी घरातून सूचना येते. “अहो, बाबांचं एचएमटी पडलंय की कपाटात. तेही जुनंच दिसतं.” बंगळूरुला एचएमटीचा घड्याळ-कारखाना सिटिझनच्या सहकार्याने 1961 सालीच उभा राहिला, आणि बाबांच्या घड्याळालाही या दोघांसारखीच रोज चावी द्यावी लागते. पण ते खरोखरच जुने असल्यामुळे जुने दिसण्याचे श्रेय त्याला मिळत नाही. शिवाय ते फुकट आहे, त्यामुळे शौकिनाच्या तुलनेच्या तक्त्यात किमतीचा रकाना भरता येत नाही.

शेवटी सीगल घेतले जाते. दोन किमतींमधला फरक शौकीन बचत म्हणून जाहीर करतो. बँकेच्या पासबुकात ही बचत कुठेच आढळत नाही. तुलना मात्र थांबत नाही. सीगल 38 मिलिमीटरचे बरे की 40 चे, ॲक्रिलिकचे की सफायर काचेचे, असे नवे रकाने आखले जातात. स्पीडमास्टर यादीतून निघत नाही. ते निवृत्तीनंतरच्या खर्चात वर्ग होते.