देश मोजणं बंद करा

दिवाळीचा फराळ संपला की दादर-गिरगावातल्या घरांत पुढच्या मे महिन्यातल्या युरोप सहलीची बोलणी सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती देश होतात?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याला देश मोजायचेत त्याच्या पदरात आकडा पडतो, शहर पडत नाही.

‘दहा दिवस, सात देश’ या जाहिरातीचा हिशेब एकदा कागदावर मांडा. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले. उरलेल्या आठांत सात देश बसवायचे. पॅरिसहून ल्युसर्नला रस्त्यानं जायचं तर अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बसचालकाला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चाक हातात धरता येत नाही. नियम चांगला आहे, आपल्या महामार्गांवरही तो तितक्याच कडकपणे पाळला जायला हवा. पण त्याचा अर्थ असा की तुमचा एक अख्खा दिवस बसच्या खिडकीत गेला. त्या दिवशीही यादीत एक देश वाढतो, आणि आपण पैसे त्या वाढीचे मोजतो.

व्हॅटिकन सिटी ४४ हेक्टरांची आहे, म्हणजे साधारण चार शिवाजी पार्क. जाहिरातीत तो एक पूर्ण देश धरतात. तिथल्या सिस्टिन चॅपलचं छत आणि आधीची दालनं नीट पाहायची तर सकाळ पुरत नाही. देश म्हणून मोजायला मात्र चौकात उभं राहून काढलेला एक फोटो पुरतो. लिश्टेनस्टाइन १६० चौरस किलोमीटरचा. बस वाडुझला थोडा वेळ थांबते, माणसं पाय मोकळे करतात, आणखी एक देश ‘झाला’. आयुष्यभराच्या बचतीतून लाखो रुपये काढून देणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त मिळायला हवं.

* * *

माझा नियम साधा आहे. यादीतल्या प्रत्येक शहरापुढे कारण लिहा, आणि ते तुमचं स्वतःचं हवं. ‘सगळे जातात’ हे कारण नाही. ‘शेजारच्यांनी फोटो टाकले’ हेही नाही. आयफेल टॉवर लहानपणापासून कॅलेंडरवर पाहिला आणि एकदा त्याच्या पायथ्याशी उभं राहायचंय, हे मात्र कारण आहे, आणि सत्तरीच्या आजीचं असेल तर सगळ्यात वजनदार. तिला पॅरिसला न्या. पण तीन रात्री न्या. मंगळवारी लूव्र बंद असतं, तेवढं वार पाहून ठरवा.

ज्यांना असं कारण सापडत नाही त्यांनी आपल्याच वस्तीत शोधावं. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या चार ठिकाणांहून युरोपला जाणाऱ्या वाटा कधीच पडल्या आहेत. त्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतात, म्हणून इथे लिहितो.

* * *

गिरगावकरांनी लंडन निवडावं. दादासाहेब फाळक्यांनी ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट गिरगावातल्या तंबूत पाहिला. १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहून आले आणि कॅमेरा खरेदी करून परतले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो गिरगावातल्याच कॉरोनेशन चित्रपटगृहात. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून वॉल्टनला लोकलनं अर्ध्या तासात पोचता येतं. भारतीय सिनेमाचं शिक्षण जिथे झालं ती जागा बघायला अर्धा दिवस काढणारा मराठी प्रवासी मला अजून भेटलेला नाही.

गिरगाव चौपाटीवर ज्यांचा पुतळा आहे ते लोकमान्य टिळक १९१८-१९मध्ये लंडनच्या मेडा व्हेल भागात, १० हाउली प्लेस या घरात राहत होते. घरावर तशी पाटी आहे. आणि परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांमधून गेलेले बाबासाहेब आंबेडकर शिकताना प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. आपल्या करातून घेतलेलं घर आहे ते. लंडनला जाऊन मेणाच्या पुतळ्यांसाठी रांग लावायची आणि तिथे जायचं नाही, याचं कुणाला काही वाटत नाही, याचा मला संताप येतो.

एक व्यावहारिक गोष्ट. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेनचा वेगळा. दोन व्हिसांचा खर्च आणि दोनदा बोटांचे ठसे, एवढं करून लंडनला दीड दिवस देणं हा पैशांचा अपव्यय आहे. लंडन ही वेगळी सहल करा.

* * *

परळकरांनी बर्लिन निवडावं. परळमध्ये व्ही. शांतारामांचा राजकमल स्टुडिओ १९४२ साली उभा राहिला. तिथल्या ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती, शहर चार फौजांमध्ये वाटलेलं होतं. मोकळ्या तुरुंगाची, कैद्यावर विश्वास टाकणाऱ्या एका जेलरची गोष्ट त्या शहरात दाखवली गेली. तीन वर्षांनी, १३ ऑगस्ट १९६१ला, तिथे भिंत उभी राहू लागली. बर्नाउअर रस्त्यावर तिचा तुकडा, मधला पट्टा आणि पहाऱ्याचा मनोरा अजून राखून ठेवलाय, पाहायला तिकीट लागत नाही. पेर्गामॉन हे मोठं संग्रहालय २०२३च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद झालं, तेव्हा केवळ त्याच्यासाठी बर्लिन ठरवत असाल तर आधी चौकशी करा. भिंत, राइशटागचा काचेचा घुमट आणि बाकीची संग्रहालयं मिळून तीन दिवस सहज भरतात.

* * *

लालबागकरांसाठी माझं शहर कुठल्याच जाहिरातीत सापडणार नाही. पोलंडमधलं वूच. नकाशावर त्याचं स्पेलिंग ‘लोड्झ’ वाचावंसं वाटतं, उच्चार वूच. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांवर वाढलेलं हे शहर, लाल विटांचं, चिमण्यांचं, भोंग्यावर चालणारं. १९७१च्या फेब्रुवारीत तिथल्या गिरणी कामगारांनी अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध संप केला. त्यात बहुसंख्य बायका होत्या. कम्युनिस्ट सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परतायला गिरणी उरली नाही. वूचच्या गिरण्याही पुढे बंद पडल्या, पण शहरानं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. गिरणीमालक पोझ्नान्स्कीच्या अवाढव्य कारखान्यात २००६ साली मॉल झाला, तरी लाल विटांच्या जुन्या इमारती शाबूत राहिल्या, कारखान्याचा इतिहास सांगणारं संग्रहालय आवारातच आहे आणि मालकाच्या महालात शहराचं संग्रहालय. शहरातच ‘पांढऱ्या कारखान्या’त वस्त्रोद्योगाचं मोठं संग्रहालय आहे. लोअर परळच्या फिनिक्समध्येही मॉल झाला आणि चिमणी उभी राहिली. पण त्या चिमणीखाली आपल्या आजोबांनी पाळीला काय काम केलं, हे सांगणारं दालन आपण उभारलं नाही.

ज्या घरात कुणी साच्यावर उभं राहिलंय त्या घरानं वूचला दोन दिवस द्यावेत. नातवंडांना मागाचा आवाज ऐकवावा. आणि परत आल्यावर नगरसेवकाला विचारावं की हे वूचला जमलं, लालबागला का नाही.

वूचपासून वॉर्सा जवळच आहे, तिथून आगगाडीला दीड तासाच्या आसपास लागतो. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे छावणीत राहिले. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. युद्धात जमीनदोस्त झालेलं जुनं वॉर्सा लोकांनी वीट-वीट रचून पुन्हा बांधलं, १९८० साली ते जागतिक वारसा ठरलं. बर्लिनहून वॉर्साला थेट गाडी आहे. बर्लिन, वॉर्सा, वूच एवढीच तीन शहरं घेतली तरी नऊ दिवसांची भरगच्च सहल होते, आणि शेंगेनचा एकच व्हिसा पुरतो.

* * *

इटलीला जायचंच असेल तर घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांनी फ्लोरेन्सला निदान दोन रात्री राहावं. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे वारले. आर्नो नदीच्या संगमावर, कॅशिने बागेच्या टोकाला, परक्या शहरानं त्यांच्यासाठी हिंदू पद्धतीनं दहन होऊ दिलं. १८७४ साली तिथे छत्री आणि त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला, आणि जवळच्या पुलालाही ‘भारतीया’चं नाव आहे. तमाम सहली फ्लोरेन्सला येतात, डेव्हिडच्या प्रतिकृतीपुढे फोटो काढून जातात. संगमापर्यंत कुणी जात नाही.

तिथून पेरुजाकडे गेलात तर मोंतोने नावाचं डोंगरावरचं गाव लागतं. रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वरच्या तिबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३च्या जुलैमध्ये मोंतोनेनं त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. माणगाव-महाडचे किती चाकरमानी लालबाग-परळमध्ये राहतात! त्यांच्यातलं एखादं कुटुंब तिथे फूल ठेवून आलं तर मला पिसाच्या मनोऱ्याला हात लावल्याच्या हजार फोटोंपेक्षा जास्त आनंद होईल.

* * *

दादरकरांना मी लिस्बन सुचवतो. पोर्तुगीज चर्चच्या थांब्यावर आपण रोज उतरतो. ते चर्च मूळ १५९६चं, आजची इमारत चार्ल्स कोरियांची. मुंबई १६६१च्या विवाहकरारानं ज्या राजघराण्यानं इंग्रजांना दिली त्याची राजधानी लिस्बन. एकट्या लिस्बनला चार दिवस द्या, जोडीला दुसरा देश नको.

* * *

आता व्यवहार. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वाधिक रात्री राहणार, रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच तारीख धरा. जून २०२४पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, शिवाय किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. शहरं कमी केलीत की रात्रींचा हिशेब सोपा होतो, अर्ज स्वच्छ दिसतो, हॉटेलची बुकिंग पटतात.

विमानाचं तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचं घ्या. बर्लिनला उतरा, वॉर्साहून निघा. उलट पावली परतायचा एक दिवस वाचतो. राहायला स्थानकाजवळ घ्या. शहराबाहेरच्या हॉटेलात वाचवलेले पैसे बस आणि टॅक्सीत जातात, संध्याकाळ वेगळीच जाते. आणि युरोपची संध्याकाळ मोठी असते. मे-जूनमध्ये बर्लिनला नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. तो उजेड मिळाला तर सहल दुप्पट होते.

रोज रात्री भारतीय जेवणाचा हट्ट सोडा. सोबत वयस्क असतील, पथ्य असेल, तर जरूर सोय करा, त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांनी बाजारातून पाव, चीज, फळं, टोमॅटो घ्यावेत आणि नदीकाठी बसून खावं. शाकाहारी माणसाचंही पोट भरतं. रोज जेवणासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा दीड तास मला फार महाग वाटतो.

गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाची रजा मोजकी असते. शिमगा, गणपती आणि मुलांची परीक्षा वजा केली की हातात आठ-दहा दिवस उरतात, तेही दोन-चार वर्षांतून एकदा. ते दिवस इतके कमी आहेत म्हणूनच ते सात देशांत वाटून टाकू नयेत. जास्तीत जास्त तीन शहरं, प्रत्येकाला निदान दोन पूर्ण दिवस, हा माझा आग्रह आहे.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. आई, वडील, मुलं, सून, जावई, प्रत्येकानं एक शहर सांगायचं आणि त्याचं कारण एका वाक्यात द्यायचं. ज्या शहराचं कारण कुणालाच देता आलं नाही ते यादीतून खोडा, मग ते कितीही प्रसिद्ध असो. उरतील ती तुमची शहरं. त्यांची तिकिटं काढा.