पंधरा ते पन्नास, व्हाया गोंदिया

कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसला नाव अगदी शोभतं. अख्खं राज्य ती आडवं कापते आणि त्याला एक दिवसाहून जास्त वेळ घेते. एवढ्या वेळात माणूस कशालाही हो म्हणतो. वर्ध्याच्या आसपास मी मेहुण्यांना हो म्हणालो.

मेहुण्यांना जुन्या अँब्युलन्स जमवायच्या आहेत. नुसत्या जमवायच्या नाहीत, आतून सजवायच्याही आहेत: स्ट्रेचर, काचेच्या सलाइनच्या बाटल्या, ऑक्सिजनचं नळकांडं, सगळं त्या काळातलं. "भावजी, एकदा बघा तर," एवढंच त्यांचं म्हणणं. बायकोचा भाऊ असल्याने अपिलाची सोय नव्हती.

गोंदियाला जीप ठरवली. भातगिरण्या मागे पडल्या, गोरेगाव गेलं, कोहमाऱ्याला चहा झाला. या रस्त्याने लोक नवेगाव बांधचे पक्षी बघायला जातात. आम्ही जुनी अँब्युलन्स शोधतोय म्हटल्यावर ड्रायव्हरने गाडी हळू केली. "पेशंट कोन हाये भाऊ?" मी मेहुण्यांकडे बोट दाखवलं.

एका धानाच्या खळ्याशेजारी ती उभी होती. मॅटाडोर! बजाज टेम्पोने १९६९ साली आणलेली, मूळची जर्मन वळणाची, चपट्या नाकाची. सरकारी लिलावातून मालकाने घेतलेली. आत कोंड्याची पोती आणि स्ट्रेचरच्या जागी खुडूक कोंबडी. सरकतं दार सुतळीने बांधलेलं. त्याच सुतळीला नळकांड्याची चावी लोंबत होती. नळकांडं केव्हाच गेलेलं, पण चावीला तेल दिलेलं होतं. कपाळावरची इंग्रजी अक्षरं पुढच्या गाडीच्या आरशात सुलट दिसावीत म्हणून उलटी काढतात. गावच्या पेंटरने ती चूक समजून फुकटात दुरुस्त करून दिली होती.

कागद निघाले. गाडी १९८४ ची, गोंदिया जिल्हा १ मे १९९९ चा. म्हणजे गाडी जिल्ह्याहून पंधरा वर्षांनी वडील.

इथेच सगळी गंमत आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार गाडी 'विंटेज' ठरायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तीही मूळ रूपात. मग वीस हजार रुपये भरा आणि नंबरात 'व्हीए' मिरवा. उलट १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुढे चालत नाही. ती थेट भंगारात. म्हणजे सरकारी अँब्युलन्सने मधली पस्तीस वर्षं कुठे काढायची? कोंबडीखाली, असं उत्तर मला तरी दिसलं.

मेहुण्यांनी मालकाला हा नियम मोठ्या उत्साहाने समजावला. एवढा उत्साह सौद्याआधी दाखवू नये. मालकाने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाला, "मंग २०३४ ले या ना भाऊ. तवा भाव बी बरा येईन."

तेवढ्यात आतून आजी आल्या. सगळ्यात जुनी अँब्युलन्स पाहिजे असेल तर ती घ्या, म्हणत त्यांनी भिंतीला उभी केलेली खाट दाखवली. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की चौघं तिच्यावरूनच आजाऱ्याला डांबरी रस्त्यापर्यंत नेत. १०८ ची गाडी महाराष्ट्रात आली ती २०१४ साली. खाटेला नंबर लागत नव्हता. मेहुण्यांनी खाटेचा भाव विचारला. आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सौदा जमला नाही. तरी तुमच्या गोठ्यात किंवा खळ्यात अशी एखादी मॅटाडोर असेल तर कळवा. कोंबडी उठेपर्यंत आम्ही थांबू. फक्त चावी भंगारवाल्याला देऊ नका.