वासभास्कर

हैदराबादेत मराठी माणसं दोन प्रकारची. पहिली काचीगुडा-सुलतान बाजारकडची. यांचे आजे-पणजे निजामाच्या राज्यात नांदेड-परभणीकडून आले, पोरंबाळं विवेकवर्धिनीत शिकली, आणि घरात अजून कुणी भाकरी वाढायला लागलं की ‘नक्को’ म्हणतात. दुसरी गचीबावली-कोंडापूरची, कंपनीनं पुण्याहून उचलून आणलेली. बारा वर्षांत यांनी तेलुगूतले दोनच शब्द कमावले: ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी आणि ‘चालु’ म्हणजे पुरे. दारूच्या टेबलावर तेवढे भागतात म्हणा.

वासभास्कर या दुसऱ्या प्रकारात सापडतो. हे त्याचं नाव नव्हे, पदवी आहे, आणि ती आम्ही मित्रांनी दिली आहे. प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी असतोच. तुमच्याकडे नसेल तर कुणीतरी नुकताच ऑस्टिनच्या प्रोजेक्टवरून परत यायचा असेल.

पूर्वी तोही आपल्यासारखाच होता. ‘शनिवारी बसायचं का?’ असा फोन यायचा, आपण जायचो, शेंगदाणे खायचो. आता तो बसत नाही. आता टकीलाचं ‘टेस्टिंग’ असतं. त्याचं पत्रक चार दिवस आधी येतं: सेंट लावू नये, पान खाऊन येऊ नये, कांदा खाऊ नये, सहाच्या आत चहा संपवावा. एकदा एक मित्र कपाळाला अष्टगंध लावून आला, तर त्याला बाथरूममध्ये पाठवून तोंड धुवायला लावलं. सत्यनारायणालाही इतकं सोवळं पाळत नाहीत. चकणा बंद. मध्ये एक ताटली असते, तिच्यात संत्र्याच्या फोडी असतात आणि त्यांना मेस्कल, म्हणजे टकीलाची धुरकट चुलत बहीण, येईपर्यंत कुणी हात लावायचा नसतो. वहिनी मात्र या सगळ्याला पुरून उरतात. बरोबर साडेसात वाजता, पहिला पेला नाकाशी गेला की, स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी तडतडते. वासभास्कर डोळे मिटून घेतो. लग्नाला अठरा वर्षं झाली आहेत, त्यामुळे बोलत काही नाही.

बाटली हातात घेतल्यावर तो नाव वाचत नाही. चष्मा कपाळावर सरकवतो आणि मागच्या बाजूला छापलेला चार आकडी नंबर शोधतो. त्याला ‘नॉम’ म्हणतात. कोणत्या कारखान्यात ही टकीला गाळली ते त्यावरून कळतं, आणि मग कळतं की दहा वेगवेगळ्या नावांच्या दिमाखदार बाटल्या एकाच कारखान्यातून निघाल्या आहेत. हे सांगताना त्याला जो आनंद होतो तो पाहून कुणालाही वाटेल, यानं चिटफंडाचा घोटाळा उघडकीला आणला. मग ‘शंभर टक्के अगावे’ हे शब्द शोधायचे. ते नसले तर ती मिश्र टकीला: निम्म्याहून थोडी वर, ५१ टक्के साखर अगावेची असली की कायद्याला पुरतं, बाकी उसाबिसाची चालते. अशी बाटली दुसऱ्या कुणी आणली तर तो नाही म्हणत नाही. ‘वॉचमनला द्या’ एवढंच म्हणतो. सोनेरी रंगावरही त्याचा विश्वास नाही. ‘हा लाकडाचा रंग नाही, कॅरॅमलचा आहे,’ असं तो हलवायाच्या केशरी पेढ्याकडे बघावं तसं बघत म्हणतो. आणि मीठ चाटून, घोट मारून, लिंबू चोखायचं? ‘शिळ्या माशाला मसाला जास्त लागतो.’ हे वाक्य मी त्याच्याकडून एकवीस वेळा ऐकलं आहे.

खरा सोहळा नाकाचा. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळायचे, ओंजळीत नाक घालायचं. तीर्थ घेतल्यासारखं दिसतं, पण तोंडाला लावायचं नाही. मग पेला तिरका. मग पेल्याच्या वरच्या काठाशी नाक, मग मध्ये, मग खालच्या काठाशी. मग एक नाकपुडी बंद. योगशिबिरात हे सगळं फुकट शिकवतात. यानंतर तो बोलू लागतो: भाजलेलं अगावे, पांढरी मिरी, लिंबाची साल, पावसानं भिजलेला दगड, ‘लांबून’ युकॅलिप्टस. आपण हुंगावं तर स्पिरिट. इंजेक्शनच्या आधी नर्स कापसानं लावते ते. पण तसं बोलायची सोय नाही, म्हणून मीही एकदा ‘ओला पुठ्ठा’ म्हणून पाहिलं. त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि वहीत टिपून घेतलं. तेव्हापासून मला पहिल्या रांगेत जागा असते.

हा सगळा माल येतो कुठून? परदेशी दारूवर आपलं सरकार जबर आयातशुल्क लावत आलं आहे, आणि वासभास्कर कितीही रसिक असला तरी हप्ते फेडणारा माणूस आहे. पण विमानानं येणाऱ्या प्रत्येकाला दोन लिटर माफ असतात. तेव्हा शमशाबादला उतरणारं ओळखीचं प्रत्येक माणूस म्हणजे दोन लिटर, हे त्याचं गणित आहे. मेव्हणा सिएटलहून येणार म्हटल्यावर त्यानं ‘मुलं कशी आहेत?’ असंही विचारलं, नाही असं नाही, पण बाटलीचा नंबर कळवल्यानंतर. गेल्या वर्षी एका मित्राची सत्तर वर्षांची आई नातवाचं बारसं करून डॅलसहून परतली. तुळशीची माळ घातलेल्या त्या माउलीच्या हातात ड्यूटी फ्रीची पिशवी, आणि तिला इतकंच ठाऊक की ‘सरबताच्या बाटल्या आहेत, जपून आण.’

त्या बाटल्यांतली एक मेस्कल होती. ती उघडायची होती त्या संध्याकाळी काचीगुड्याचे काका आले. आमंत्रण नव्हतं. माझ्याकडे आले होते, म्हणून सोबत आणले. वय ऐंशीच्या आसपास, बालपण परभणी जिल्ह्यात, आणि हातात गरम मिरची भज्यांचा पुडा. वासभास्करनं पुडा दोन बोटांनी उचलून बाल्कनीत ठेवला.

मग तो समजावू लागला. टकीला हे नाव वाटेल त्यानं लावायचं नाही. १९७४ पासून त्याला संरक्षण आहे, हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांतच ती होते, आणि एकाच जातीच्या अगावेची. (मेस्कलच्या राज्याला कुणी ‘ओआक्साका’ म्हटलं तर हा ‘वाहाका’ असं दुरुस्त करतो. नारायणगुडा मात्र त्याला अजून नीट म्हणता येत नाही.)

‘आपल्या हलीमला नाही का २०१० ला मिळालं तसलं,’ काका म्हणाले. ‘हौ, पुढं बोल.’

त्यानं टॅबवर अगावेचा फोटो दाखवला.

‘अरे, हे तर केकताड!’

‘काका, अगावे आहे.’

‘केकताड रे. घायपात. बांधाबांधाला असायचं. पानं ठेचून नाल्यात कुजवायची, वाख काढायचा, दोर वळायचे. आमच्या बैलांच्या दाव्याची तू दारू पितोस?’

पुढचा फोटो मेस्कलच्या भट्टीचा. जमिनीत खड्डा, तळाशी लाकडं पेटवून तापवलेले दगड, वर अगावेचे गड्डे रचून मातीनं झाकलेले. काका म्हणाले, ‘हुरड्याची आगटी. जरा मोठी.’ त्यापुढे गोल पाळीतून घोडा ओढतोय ते दगडी चाक, ज्याला तिकडे ताओना म्हणतात. ‘ही चुन्याची घाणी. कुठल्याही किल्ल्यावर बघ.’ मग वासभास्करनं सांगितलं, की गाळताना पहिली धार आणि शेवटची धार वेगळी काढतात, खरी किंमत मधल्या धारेला. काका बराच वेळ गप्प राहिले. ‘म्हणजे पहिल्या धारेची, पहिल्या धारेची म्हणून जिचं कौतुक जन्मभर ऐकलं, ती तुझे मेक्सिकोवाले बाजूला काढतात?’

शेवटी पेला हातात आला. काकांनी ना तळहात चोळले, ना नाकपुडी दाबली. एकदा हुंगलं. ‘धूर आगटीचा,’ म्हणाले, ‘आणि मागं केकताड कुजवलेला नाला. श्रावण सरताना यायचा तसा.’ घोट घेतला नाही. पेला खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन भजी खाल्ली.

वासभास्कर लिहीत होता.

तुम्हाला वाटेल, या माणसाचं सगळं ढोंग आहे. आम्हालाही वाटायचं. म्हणून आम्ही एकदा डाव टाकला. आपल्या दख्खनच्या पठारावरच्याच घायपाताची दारू आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात गाळतात. डेस्मंड नाझरेथ नावाच्या गृहस्थांनी हा खटाटोप केला आणि २०११ मध्ये ती गोव्यात बाजारात आणली. मेक्सिकोची नसल्यामुळे टकीला म्हणायची सोय नाही. ती आम्ही परदेशी बाटलीत भरून त्याच्यापुढे ठेवली. पैज पॅराडाइजच्या बिर्याणीची. त्यानं पेला तिरका केला, नाक तीनदा फिरवलं आणि म्हणाला, ‘ही इकडची. पण बरी आहे, उगाच बाटली बदललीत.’ सहा जणांची बिर्याणी आमच्या अंगावर आली. नाक खरं आहे हो त्याचं. दुखणं तेच आहे. नाक खोटं असतं तर माणूस केव्हाच हाताशी लागला असता.

परवाच्या टेस्टिंगला नवे तीन जण होते. मेस्कल नाकाशी नेऊन तो डोळे मिटून म्हणाला, ‘आगटी... आणि लांबून केकताड.’ तिघांनी माना डोलावल्या. एकानं हळूच मला विचारलं, केकताड म्हणजे स्पॅनिशमध्ये काय? मी ‘दावं’ म्हणालो, त्यानं तेही लिहून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी वासभास्कर प्रत्यक्ष केकताड बघायला मेदक रस्त्याला गेला. सापडलं. वास कळावा म्हणून पान मोडून रस मनगटाला चोळला. तीन दिवस खाज होती, दवाखान्यात मलम लिहून दिलं. मलमाला मात्र पहिल्यांदाच काही वास आला नाही म्हणे.

येत्या महिन्यात तुमच्यापैकी कुणी शमशाबादला उतरणार असेल, तर एक विनंती: विमान कोणतं आणि किती वाजताचं, हे कोंडापूरच्या बाजूला कुणाजवळ बोलू नका.