वहीचा खर्च वहीत

बाबांच्या हिशेबाच्या वहीत पहिलीच नोंद असायची : 'वही – 12 रुपये.' आम्ही भावंडं फिदीफिदी हसायचो. पुढे मी लिनक्सच्या कर्नलवर पोट भरू लागलो आणि एका रात्री त्या हसण्याची सव्याज परतफेड झाली.

एका बोर्डाच्या सिरियल पोर्टवरून येणारी अक्षरं मधेच गळत होती. आपल्याला तपासाची एकच विद्या येते. पोर्टच्या ड्रायव्हरमधे, जिथून अक्षरं बाहेर पडतात तिथेच, एक 'प्रिंटके' टाकला : 'आलो, लिहितोय.' प्रिंटके म्हणजे कर्नलची दवंडी. बोर्ड चालू करून चहाला गेलो.

परत येतो तर स्क्रीनभर 'आलो, लिहितोय'. 1,15,200 बॉडला सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरं जातात. ती सगळी हेच सांगत होती. ओळ छापायला ड्रायव्हरकडे जायची, तो आधी 'लिहितोय' कळवायचा, मग ते कळवणं छापायला यायचं. बोर्ड काही बूट होईना.

शेजारचे सर डोकावले. "अरे, तू दवंडीवाल्यालाच सांगितलंस, की दवंडी पिटायच्या आधी दवंडी पिट!"

खरं तर कर्नलने याहून वाईट दिवस पाहिलेत. पूर्वी प्रिंटकेच्या नोंदवहीला कुलूप असे. वही उघडून लिहिताना पेन गळलं, तर ती तक्रार लिहायलाही किल्ली हवी. आणि किल्ली आपल्याच खिशात अडकलेली. बसा मग जन्मभर वाट बघत! म्हणून जुना कर्नल तपासायचा, की कुलूप याच प्रोसेसरने लावलंय का? तसं असलं तर तक्रार फेकून द्यायचा आणि पुढच्या नोंदीआधी लिहायचा : 'बग: रीसेंट प्रिंटके रिकर्शन!' काय तक्रार होती ते मात्र गुलदस्त्यात. 2017 मधे, 4.11 आवृत्तीत, अशा वेळेसाठी प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र कच्ची वही मिळाली. मग 2020 मधे, 5.10 मधे, जॉन ऑगनेस यांची बिनकुलपाची वही आली, आणि 5.15 मधे कच्च्या वह्या रद्दीत गेल्या. आता प्रिंटकेच्या पोटात प्रिंटके तीन पातळ्यांपर्यंत चालतो; त्यापुढचा निमूट गिळला जातो. (हा नियम आमच्या सोसायटीच्या सभेला लागू करावा, असा माझा ठराव दोन वर्षं पडून आहे.)

माझा पराक्रम मात्र यातल्या कुठल्याच चाळणीत अडकला नसता. माझी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या पोटात शिरत नव्हती, सभ्यपणे रांगेत मागे उभी राहत होती. रांग संपत नव्हती, एवढंच.

ती ओळ काढली, बोर्ड सुरू झाला. अक्षरं अजून गळतच होती.

परवा बाबांच्या जुन्या वह्या चाळल्या. 'नवी वही – 12 रुपये' ही नोंद जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावरही. म्हणजे बाबांनी दर वहीचे पैसे दोनदा खर्ची घातलेत. आईला अजून सांगितलेलं नाही.